अमेरिकेला गाडीचा कारखाना आणायला गेले आणि येताना विमानाचा घेऊन आले

पुणे-सातारा हायवेवर कापूरहोळ सोडलं की किकवी लागतं. पुढं सारोळा, मग नीरा नदी आणि शिरवळ. या पट्ट्यात रविवारी सकाळी कधीतरी एखादी प्रीमियर पद्मिनी झुम्मकन बाजूनं निघून जाते. पण ती आपल्या ओळखीची काळी-पिवळी नसते. खाली बसवलेली सस्पेन्शन, रुंद अलॉय व्हील्स, आतून नवीन सीट. मूळ गाडीतलं राहिलेलं असतं ते डबा बॉडी आणि समोरचा चेहरा.

लोक मान वळवून बघतात, फोटो काढतात. पण ही गाडी ज्या कंपनीतून बाहेर पडली ती उभी करायला एका सोलापूरकरानं किती वर्षं घालवली, हे फार कमी जणांना माहिती असतं.

त्यांचं नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी.

जन्म 23 नोव्हेंबर 1882, सोलापूर. घराणं मूळचं गुजरातचं, पण सोलापुरात स्थिरावलेलं. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण डिग्री काय पूर्ण झाली नाही. वडिलांच्या पेढीवर बसले, तिथंही मन रमलं नाही.

मग त्यांना भेटले लक्ष्मण बळवंत फाटक. रेल्वेतले माजी कारकून. फाटकांकडं कामाची माहिती होती, वालचंदांकडं पैसा उभा करायची ताकद. बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून जोडीनं कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पुढं टाटांच्या सोबतीनं मुंबई-पुणे रेल्वेचे भोर घाटातले बोगदेही वालचंदांनी केले. (भोर तालुक्यातल्या भिडूंनी लगेच कॉलर टाईट करू नये, हा भोर घाट म्हणजे आपला खंडाळ्याचा बोरघाट.)

कंत्राटदार म्हणून पैसा आला होता, तिथंच थांबले असते तरी आयुष्य सुखात गेलं असतं. पण 1919 मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजींसोबत ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारचं एक जहाज घेतलं, एस. एस. लॉयल्टी. 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला निघालं. सगळा समुद्र ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात असताना ही उडी होती. आज 5 एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो, तो याच प्रवासामुळं.

आता मुद्द्याची गोष्ट, गाडीची.

त्या काळात भारतात गाड्या मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईतच गाड्या जोडत होती, फोर्डही होती. पण गाडी जोडणं वेगळं आणि गाडी बनवणं वेगळं. परदेशातून लाकडी खोक्यांत चेसिस, इंजिन, ॲक्सल, पत्रे यायचे. इथले कामगार ते नटबोल्टनं जोडायचे, रंग मारायचे, झाली गाडी तयार. काही वेळा नुसती चेसिस यायची आणि वरची बॉडी इथले कारागीर गिऱ्हाईकाच्या आवडीनं बांधायचे. संस्थानिकांच्या हौशी गाड्यांमध्ये हा प्रकार चालायचा. म्हणजे कस्टम गाडीचा शौक आपल्याकडं काय आजचा नाही. पण इंजिन ओतायचं, गिअर कापायचे, हे काम मात्र इथं कुणालाच करू दिलं जात नव्हतं.

सर एम. विश्वेश्वरय्यांना हे खुपत होतं. मुंबईत मोटारीचा कारखाना काढायची योजना त्यांनी 1930 च्या दशकात तयार केली आणि वालचंद तिच्यामागं लागले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, त्यांनी मदतीची तयारी दाखवली.

1939 साली वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डबरोबर जमलं नाही. क्रायस्लर मात्र तयार झाली.

इकडं दुसरं महायुद्ध पेटलं होतं. त्याच वर्षी खेरांच्या सरकारनं राजीनामा दिला. दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारचं म्हणणं पडलं की युद्धाच्या कामाला मोटार कारखान्याची गरज नाही. ज्या युद्धात सैन्याला ट्रक पुरत नव्हते, त्या युद्धात हे कारण दिलं गेलं. खरं दुखणं वेगळं होतं. भारतात गाडी बनली असती तर इंग्लंडच्या गाड्यांचं गिऱ्हाईक कमी झालं असतं.

पण याच अमेरिका दौऱ्यातून परत येताना एक भारी योगायोग घडला होता. विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा धंदा करायचा. गप्पा गाडीवरून विमानावर गेल्या आणि वालचंदांच्या डोक्यात चक्र फिरलं. म्हैसूर संस्थानानं पैसा आणि जागा दिली आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजच्या एचएएलची सुरुवात ती हीच. 1941 मध्ये तिथं जोडलेलं विमान उडालंसुद्धा. जपान युद्धात उतरल्यावर सरकारला या कारखान्याची किंमत कळली आणि 1942 मध्ये वालचंदांचा हिस्सा सरकारनं विकत घेतला. 1941 मध्येच त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला होता.

म्हणजे जहाज झालं, विमान झालं. राहिली होती ती गाडीच.

अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. तोवर बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स 1942 मध्येच आली होती. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये प्रीमियरची पहिली वाहनं बाहेर पडली. डॉज, प्लायमथ आणि डिसोटो, तिन्ही क्रायस्लरच्या. ट्रकसुद्धा डॉज आणि फार्गो नावानं निघाले.

पण सुरुवात झाली ती खोक्यातल्या सुट्या भागांपासूनच. ज्या जोडकामाला वालचंद कंटाळले होते तेच आता त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात चालू होतं. हळूहळू एकेक भाग इथं बनवत जायचं, असा बेत होता. त्यासाठी वेळ लागणार होता आणि नेमका तोच त्यांच्याकडं उरला नव्हता.

1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. या काळात कंपनीनं इटलीच्या फियाटशी सूत जुळवलं आणि छोटी फियाट 500 कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद गेले.

गंमत म्हणजे त्याच सुमारास स्वतंत्र भारताच्या सरकारनं नियम केला की ज्यांना इथं सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच थांबावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड गेली, जनरल मोटर्स गेली. प्रीमियर राहिली.

1954 पासून कुर्ल्यात फियाट 1100 आली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. 1964 मध्ये 1100 डी आली आणि फियाटशी करार संपल्यावर 1970 च्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून उतरली.

आता त्या किकवीच्या गाडीबद्दल. जुन्या डॉजला शिडीसारखी वेगळी चेसिस असायची, बॉडी वरून बोल्टनं बसवलेली. त्यामुळं बॉडी उतरवून दुसरी चढवणं सोपं. पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही, तळ आणि बॉडी एकच वेल्ड केलेला सांगाडा आहे. त्यामुळं खालून पत्रा कापला की सगळ्या गाडीची ताकद जाते. चाकं बदलून भागतं तिथं बरेच जण थांबतात ते यामुळंच. शिवाय 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

कितीही बदल केले तरी आरसी बुकात बनवणाऱ्या कंपनीच्या रकान्यात मात्र प्रीमियर ऑटोमोबाईल्स हेच नाव असतं.