वकीलसाहेबांचा पाणचक्कीचा बंगला

आपली ब्रँच चुकली असं ज्यांना वाटतं त्यांनी विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याबद्दल जरूर वाचावं. जन्म १८१०, इंग्लंडमधलं न्यूकॅसल. वडील धान्याचे व्यापारी. मुलाने वकील व्हायचं हे घरी ठरलेलं, त्याप्रमाणे अकरा वर्षं वकिली केलीसुद्धा! पण डोकं सगळं यंत्रात. एकदा मासे पकडायला गेले असताना पाणचक्की दिसली. वरून पडणाऱ्या पाण्याची फारच थोडी ताकद चाकाला मिळते, बाकी वाया, हे या वकिलाच्या लक्षात आलं.

मग त्यांनी पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन बनवली आणि १८४७ मध्ये एल्स्विकला कारखाना काढला. आपल्या सिलॅबसमधला हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटर त्यांचाच. उंच टाकी बांधायला जागा नाही ना, मग पिस्टनवर प्रचंड वजन ठेवून पाणी दाबाखाली साठवा. व्हायव्हात विचारलं तर एवढंच सांगायचं!

मला मात्र आवडतो तो त्यांचा बंगला, क्रॅगसाइड. १८६३ मध्ये रॉथबरी गावाजवळ खडकाळ उतारावर त्यांनी सुट्टीपुरतं छोटं घर बांधायला घेतलं. १८६९ पासून आर्किटेक्ट रिचर्ड नॉर्मन शॉ ते वाढवत गेले, आणि हे काम पंधराएक वर्षं चाललं. लाकडी चौकटींचे त्रिकोणी माथे, उंच धुराडी, आणि सिमेट्री औषधालाही नाही. उघड्या डोंगरावर लाखो झाडं लावली, ओढे अडवून तलाव केले. त्या पाण्यावर घरातली लिफ्ट चालायची आणि स्वयंपाकघरात मांस भाजायचा गजही फिरायचा.

१८७८ मध्ये तलावाच्या पाण्यावर डायनॅमो फिरवून चित्रांच्या दालनात आर्क लॅम्प लावला. १८८० मध्ये जोसेफ स्वान यांचे बल्ब आले. लायब्ररीतले दिवे तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवलेले. फुलदाणीचा तळ पाऱ्यात टेकला की सर्किट पूर्ण, फुलदाणी उचलली की दिवा बंद. आज आपल्या लॅबमध्ये असं कोणी करून दाखवावं!

पण हा पैसा आला कुठून? बराचसा तोफांतून. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात त्यांनी नवी तोफ बनवली, पेटंट सरकारला फुकट दिलं, १८५९ मध्ये 'सर' झाले. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंना तोफा विकल्या. १८७१ मध्ये, म्हणजे इकडे बंगला वाढत असताना, तिकडे कामगार नऊ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. मालकांचे पुढारी कोण, तर आर्मस्ट्राँग! संप सुमारे पाच महिने चालला आणि कामगार जिंकले. इंजिनिअर म्हणून मी त्यांना पैकीच्या पैकी देईन, पण मालक म्हणून पास करायलाही हात धजत नाही.

१९०० मध्ये ते गेले. मूलबाळ नव्हतं. १९७७ पासून बंगला नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१४ मध्ये तिथल्या एका तलावावर आर्किमिडीज स्क्रू बसवला आणि बंगल्यातले दिवे पुन्हा पाण्यावर लागले.