थोरला प्लिनी

मित्रांनो, आमच्या चौथीच्या इतिहासात शिवछत्रपतींची माहिती आहे. त्यांनी १६५७ साली कल्याण आणि आपली भिवंडी घेतली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण कल्याण हे बंदर त्याच्याही दीड हजार वर्षे आधीपासून लांबच्या देशांत माहीत होते. त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या वहीत कल्याण आणि सोपारा ही दोन्ही नावे आहेत. ती वही लिहिणाऱ्याचे नाव कोणालाच माहीत नाही. पण त्याच काळातल्या दुसऱ्या एका लेखकाचे नाव सगळ्या जगाला माहीत आहे. तो म्हणजे थोरला प्लिनी. त्याचे चरित्र मी सांगतो.

रोम हे शहर इटली देशात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे राज्य इजिप्तपर्यंत पसरले होते. प्लिनीचा जन्म इ. स. २३ मध्ये इटलीतल्या कोमो या गावी झाला. मोठा झाल्यावर तो घोडदळात शिरला. तेव्हा त्याने घोड्यावरून भाला कसा फेकावा याचे पुस्तक लिहिले. पुढे तो बादशहाच्या आरमाराचा प्रमुख झाला.

प्लिनीला वाचनाचा फार नाद होता. पहाटेच्या अंधारात दिवा लावून तो कामाला बसे. जेवतानासुद्धा कोणीतरी त्याला पुस्तक वाचून दाखवी. थंडीत लिहिणाऱ्याचे हात गारठू नयेत म्हणून तो त्याचे हात नीट झाकायला लावी. त्याचा भाचा एकदा पायी फिरत होता, तर वेळ फुकट गेला म्हणून मामा त्यालाच रागावला. पालखीत बसला असता तर वाचन झाले असते ना! ही वाचून दाखवणारी, लिहून घेणारी माणसे पुष्कळदा गुलाम असत. ती चाल मात्र वाईट होती.

एवढे वाचून त्याने ३७ भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तारे, प्राणी, झाडे, औषधे, रत्ने सगळे काही आहे. आपल्या देशाचीही माहिती आहे. उन्हाळ्यात अरबस्तानातून निघालेले जहाज वाऱ्याच्या जोरावर ४० दिवसांत भारतात पोचते, असे त्याने लिहिले. हा वारा म्हणजे आपला पाऊस आणणारा नैऋत्य वारा, बरं का! मिरी नुसती तिखट असते, तरी लोक तिच्यासाठी एवढे पैसे का देतात, याचे त्याला नवल वाटे. भारताच्या मालापायी रोमचे दरसाल ५ कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी त्याची तक्रार होती. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. तेव्हा आपले सुती कापडही जहाजांतून तिकडे जाई. आज भिवंडीत माग खडखडतात, तेव्हा मला त्या जहाजांची आठवण येते. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत तर रोमच्या समुद्रदेवाची धातूची छोटी मूर्ती सापडली आहे.

प्लिनी स्वतः भारतात कधी आला नाही. म्हणून ऐकीव गोष्टीही त्याने लिहून ठेवल्या. भारतात एका पायाची माणसे आहेत, ती ऊन लागले की निजून पाय वर करतात आणि त्याची सावली घेतात, असे त्यात आहे. हे वाचून मला खूप हसू आले. आपल्या तालुक्यात तर असे कोणी दिसत नाही!

आता शेवटची गोष्ट. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस नावाचा डोंगर फुटला. त्यातून झाडासारखा मोठा ढग वर चढला. प्लिनी खाडीपलीकडे मिसेनम गावी होता. आधी त्याला तो ढग जवळून पाहायचा होता. इतक्यात डोंगराखाली राहणाऱ्या एका बाईची चिठ्ठी आली की आम्हांला वाचवा. मग त्याने मोठी जहाजे काढली आणि लोक जिकडून पळत होते तिकडेच तो निघाला. जहाजांवर गरम राख आणि दगड पडू लागले. परत फिरा असे नावाडी सांगत होता, पण तो फिरला नाही. स्टाबिए गावी तो मित्राच्या घरी गेला, त्याला धीर दिला. सकाळी डोक्याला उशा बांधून सगळे किनाऱ्यावर आले. पण समुद्र फार खवळला होता. तिथेच धुराने कोंडून प्लिनी मरण पावला. तेव्हा त्याचे वय ५५ च्या आसपास होते. त्याचा भाचा १७ वर्षांचा होता. त्याने पुढे हे सगळे पत्रात लिहिले, म्हणून आपल्याला समजले.

प्लिनीची बाकीची पुस्तके नाहीशी झाली, पण ३७ भागांचा ग्रंथ आजही आहे. मला वाटते, प्लिनीसारखे खूप वाचावे, पण ऐकलेले खरे की खोटे तेही तपासावे. आणि कोणी संकटात हाक मारली, तर हातातले पुस्तक खाली ठेवून आधी धावून जावे.

– इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. भिवंडी