रोलिन व्हाइट

रोलिन व्हाइट (६ जून, १८१७:विल्यम्सटाउन, व्हरमाँट, अमेरिका - २२ मार्च, १८९२:लोवेल, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे अमेरिकन शस्त्रकारागीर व संशोधक होते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरची भोके आरपार पाडून काडतूस मागून भरण्याच्या रचनेचे पेटंट त्यांना ३ एप्रिल, १८५५ रोजी मिळाले. त्यापूर्वीच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत दारू व गोळी पुढून ठासावी लागे.

पेटंट व खटले

१८५६ मध्ये व्हाइट यांनी या रचनेचे हक्क स्मिथ अँड वेसन यांना दिले. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे त्यांना २५ सेंट मिळत; मात्र पेटंटभंगाच्या खटल्यांचा खर्च करारानुसार त्यांच्यावरच होता. मिळकतीचा मोठा भाग त्यात गेला.

जुन्या रिव्हॉल्व्हरांचे रूपांतर

१८६८ मध्ये रेमिंग्टन कंपनीने या हक्काचे शुल्क भरून आपल्या .४४ कॅलिबरच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांना पाच बारांचे नवे सिलिंडर बसवले व ती .४६ कॅलिबरच्या काडतुसांसाठी बदलून घेतली. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली. मुदतवाढीच्या अर्जाचा फेरविचार व्हावा यासाठी संमत झालेले विधेयक राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी जानेवारी, १८७० मध्ये नकाराधिकार वापरून फेटाळले. यादवी युद्धात या पेटंटमुळे सरकारची अडचण झाली, असा शस्त्रागार विभागाचा आक्षेप होता. १८७१ मध्ये कोल्ट कंपनीच्या चार्ल्स रिचर्ड्स यांनी अशाच रूपांतराचे स्वतंत्र पेटंट घेतले.