परक्या देशातील मुलांची आई : संत फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी



घर सोडून परमुलखात पोट भरायला गेलेल्या माणसांची ख्रिस्तसभेत एक खास आश्रयदाती संत आहे. तिचे नाव संत फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी. स्थलांतरितांच्या मुलांसाठी शाळा, अनाथाश्रम आणि दवाखाने उभारण्यात तिने आपले आयुष्य वेचले. तिच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतात सान्तांजेलो लोदिजानो या गावी १५ जुलै १८५० रोजी एका शेतकरी कुटुंबात फ्रान्चेस्काचा जन्म झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेले हे मूल फार अशक्त होते. म्हणून त्याच दिवशी तिला स्नानसंस्कार देण्यात आला. तिची बरीचशी भावंडे लहानपणीच दगावली. घरातील हे शेंडेफळ मात्र जगले.

तिचे एक मामा धर्मगुरू होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेली की ती कागदाच्या होड्या करी, त्यांत रानफुले भरी आणि कालव्यात सोडून देई. ती फुले म्हणजे दूरदेशी निघालेले मिशनरी, असा तिचा खेळ असे. एकदा ती त्या पाण्यात पडली. तेव्हापासून पाण्याची भीती जन्मभर तिच्या मनात राहिली.

फ्रान्चेस्का शिकली आणि १८६८ साली शिक्षिका झाली. तिला धर्मभगिनी व्हायचे होते, पण प्रकृती नाजूक असल्यामुळे मठाने तिला प्रवेश नाकारला. १८७४ साली कोदोञो या गावातील एका अनाथाश्रमाची घडी बसविण्यासाठी तिला बोलावण्यात आले. थोड्या दिवसांचे म्हणून घेतलेले ते काम सहा वर्षे चालले. तिथेच १८७७ साली तिने व्रते घेतली आणि आपल्या नावात 'झेवियर' हे नाव जोडले. ज्यांचा पवित्र देह गोव्यात आहे, ते आपले संत फ्रान्सिस झेवियर तिचे आदर्श होते. १८८० साली बिशपांच्या सांगण्यावरून तिने सात सोबतिणींसह येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींची संस्था स्थापन केली.

पूर्वेकडे नव्हे, पश्चिमेकडे

संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या दारापर्यंत पोहोचले, पण आत जाण्याआधीच त्यांना मृत्यू आला. त्यांचे ते राहिलेले काम करण्याची मदर कॅब्रिनींची इच्छा होती. त्या वेळी इटलीतून हजारो गरीब कुटुंबे अमेरिकेला जात होती. पिआचेन्झाचे बिशप स्कालाब्रिनी (२०२२ साली यांनाही संतपद मिळाले) या लोकांच्या हालांनी व्यथित झाले होते. त्यांनी मदर कॅब्रिनींना न्यूयॉर्कला जाण्याची गळ घातली. मदरचे मन चीनकडे ओढत होते. त्यांनी पोप तेरावे लिओ यांचा सल्ला घेतला. पोपमहोदयांनी त्यांना पूर्वेकडे न जाता पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. मदरने त्यात देवाची इच्छा ओळखली.

सहा भगिनींना घेऊन त्या ३१ मार्च १८८९ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे त्यांच्यासाठी काहीच तयार नव्हते. राहायला घर नव्हते आणि ज्या अनाथाश्रमासाठी त्या आल्या होत्या, तो बेतही बारगळला होता. आर्चबिशप कॉरिगन यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. मदरने नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला. पोपमहोदयांनी मला येथे पाठविले आहे, तेव्हा मी येथेच राहणार, असे त्यांचे म्हणणे होते.

दार कोणी उघडायचे?

इटालियन वस्तीत एकेका अंधाऱ्या खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे दाटीवाटीने राहत. क्षयासारखे रोग घरोघरी होते. आईबाप पहाटे कामाला जात. मुले रस्त्यावर बूट पुसत, वर्तमानपत्रे विकत. शहरात शाळा होत्या, इस्पितळेही होती. पण या लोकांना इंग्रजी येत नव्हते. आजारी आईला कुठे दुखते हे डॉक्टरांना सांगता येत नसे आणि मुलाला गुरुजींचे बोलणे समजत नसे. देवाच्या घरीही काही ठिकाणी त्यांना तळघरातच मिस्सा ऐकावी लागे. दार होते, पण त्यांच्यासाठी ते बंदच होते.

मदर कॅब्रिनी आणि त्यांच्या भगिनी या वस्तीत घरोघर फिरल्या. जिने चढून त्यांनी मुले शोधून काढली. त्यांनी मुलांना त्यांच्या मातृभाषेत धर्मशिक्षण दिले आणि नव्या देशाची भाषाही शिकवली. अनाथ मुलांसाठी घर उघडले. १८९० साली हडसन नदीकाठी वेस्ट पार्क येथील मोठी जागा येशूसंघीयांकडून घेतली आणि अनाथ मुलांना शहराच्या कोंडवाड्यातून मोकळ्या हवेत नेले.

इस्पितळाचे काम हाती घेण्यास त्या सुरुवातीला कचरत होत्या, कारण आपले काम शिकविण्याचे, असे त्यांना वाटे. पण आजारी मूल शाळेत येणार कसे, आणि आई अंथरुणाला खिळली तर धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी घरीच राहणार. १८९२ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कोलंबस इस्पितळ सुरू केले, तेही जेमतेम दहा खाटांवर. हाताशी पैसा फार थोडा होता. येथे रुग्णाला आपले दुखणे आपल्या भाषेत सांगता येत होते.

पुढे न्यू ऑर्लिन्स, शिकागो, डेन्व्हर, सिअ‍ॅटल या शहरांत, तसेच मध्य आणि दक्षिण अमेरिकेतही त्यांचे काम पोहोचले. खाणीत काम करणाऱ्या मजुरांना भेटायला भगिनी खाणीत उतरत. लहानपणी पाण्याला घाबरलेल्या या बाईंनी वीसहून अधिक वेळा अटलांटिक महासागर ओलांडला. त्यांच्या हयातीत शाळा, अनाथाश्रम, इस्पितळे मिळून ६७ संस्था उभ्या राहिल्या. १९०९ साली त्यांनी स्वतः अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

१९१७ च्या डिसेंबरात त्या शिकागोच्या आपल्या इस्पितळात आजारी होत्या. तरीही गरीब मुलांना नाताळात वाटायच्या खाऊच्या पुड्या बांधण्यात त्या गुंतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, २२ डिसेंबर रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. १९४६ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. अमेरिकेचे नागरिकत्व असलेल्या त्या पहिल्या संत. १९५० साली त्यांना स्थलांतरितांची आश्रयदाती घोषित करण्यात आले.

आणि आपण?

आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले-मुली आज आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. तिकडे त्यांना कोणी प्रेमाने विचारपूस करणारे भेटावे, अशी आपण रोज प्रार्थना करतो. मग इमारतीच्या बांधकामावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात आलेल्या मजुरांच्या मुलांकडे आपण कसे पाहतो? दिवाळी झाली की आईबापांबरोबर ही मुले गाव सोडतात आणि त्यांचे शाळेचे अर्धे वर्ष बुडते. लसीकरणाचे कार्ड गावी राहते आणि पुढची लस चुकते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात बाळाला लस मोफत मिळते. पण हे त्या आईला सांगणार कोण, आणि तिच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत जाणार कोण? त्यासाठी पैसा लागत नाही, एक सकाळ लागते.

बाळ येशूलाही आईबापांबरोबर रातोरात इजिप्तमध्ये जावे लागले होते. तेथे त्या कुटुंबाला कोणीतरी थारा दिला असेल. तसा थारा देण्याची संधी आपल्या दाराशी आली आहे. 'बाहेरचे लोक' हा शब्द आपल्या तोंडी येईल, तेव्हा मदर कॅब्रिनींची आठवण ठेवू या.

संत फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी, आम्हांसाठी विनंती कर.