पुण्यतिथी विशेष : कल्याणला शिकलेले कवी, रेव्हरंड ना. वा. टिळक यांना विसावा कुठे मिळाला?

भिवंडी : केवढे हे क्रौर्य ही कविता शाळेत पाठ केलेली पिढी आपल्या भागात अजून आहे. शिकाऱ्याच्या घावाने जखमी झालेली ती पक्षीण आठवली की आजही अनेकांचा गळा दाटतो. ही कविता लिहिणारे नारायण वामन टिळक लहानपणी आपल्या शेजारच्या कल्याणात शिकत होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. लोकमान्य टिळक वेगळे आणि हे टिळक वेगळे. हे रेव्हरंड टिळक, फुलामुलांचे कवी. 9 मे ही त्यांची पुण्यतिथी. त्यानिमित्ताने त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. 1869 ते 1873 या काळात त्यांचं सुरुवातीचं शिक्षण कल्याणला झालं. आई जानकीबाईंवर त्यांचा फार जीव. कवितेची गोडी आईकडूनच लागली. वडील वामनराव कडक स्वभावाचे, त्यांच्याशी मुलाचं कधी जुळलं नाही. आई गेली आणि घरात मन लावायला काही उरलं नाही. कोवळ्या वयात त्यांनी घर सोडलं आणि नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. पुढे इंग्रजी शाळेत गेले, पण धाकट्या भावंडांकडे बघायचं होतं, त्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून नोकरी धरली.

एका जागी पाय ठरेना

1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. नवरीचं वय जेमतेम अकरा. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. संसार मांडला खरा, पण टिळकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. कधी शिक्षक, कधी छापखान्यात खिळे जुळवणारे, कधी कीर्तन-प्रवचन. कुणाला काही न सांगता निघून जायचं आणि मनात आलं की परत यायचं. हातात पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळं व्हायचं. घरात उद्याच्या जेवणाची सोय आहे की नाही, हे बघायचं काम लक्ष्मीबाईंचं. त्यातच पोटच्या लहान मुलांचे मृत्यूही या जोडप्याने सोसले.

बाहेरून हा माणूस लहरी दिसायचा. आत मात्र वेगळंच चाललेलं होतं. जातिभेद, विधवांचे हाल, माणसाने माणसाला दिलेली वागणूक हे सगळं त्यांना खात होतं. देव आहे तर हे असं का, आणि तो भेटायचा कसा, हा प्रश्न सुटत नव्हता. शास्त्रं वाचून झाली, वाद घालून झाले, वेगवेगळी मतं तपासून झाली. 1891 मध्ये नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं चांगलं काम मिळालं. पोटाची चिंता कमी झाली, मनाची झाली नाही.

आगगाडीतली भेट

1893 च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना वॉर्ड यांनी त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते फारसं पटलं नव्हतं. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. वैऱ्यावरही प्रेम करायला सांगणारी ती शिकवण त्यांना सोडवेना. याच शुभवर्तमानात पुढे, कष्टाने आणि ओझ्याने थकलेल्यांना येशू विसाव्यासाठी जवळ बोलावतो. इतकी वर्षं वणवण केलेल्या माणसाला हे बोलावणं आपलंच वाटलं असेल, तर नवल नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एकाचा विसावा, दुसऱ्याचा वनवास

टिळकांना वाट सापडली, पण त्याच दिवसापासून लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात अंधार झाला. नवरा जिवंत असून संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू, लोकांची बोलणी, नातलगांच्या घरी राहणं. नाशिक, पंढरपूर असे दिवस काढत सुमारे पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. टिळकांनाही हे सोपं गेलं नाही. ते पत्रं लिहीत, भेटायला येत. मनाला मिळालेली शांती आणि घराची ताटातूट ही दोन्ही ओझी त्यांनी एकाच वेळी वाहिली.

अखेर लक्ष्मीबाई नगरकडे टिळकांजवळ राहायला आल्या, पण आपला धर्म राखून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. बघता बघता त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की देवाने माणसं केली, मग ही उतरंड कुणी केली? एकेक सोवळं त्यांनी आपल्या हाताने सोडलं. 1900 मध्ये राहुरीत त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाच्या त्या दिवसांत याच घरात अनाथ मुलांना आसरा मिळाला. ही सगळी कहाणी त्यांनी पुढे स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात हसत हसत, काही न लपवता लिहिली. 1934 पासून ती पुस्तकरूपाने आली आणि मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत तिची गणना होते.

चर्चमध्ये अभंग घुमला

ख्रिस्ती झाले म्हणून टिळकांनी मराठीपण सोडलं नाही. त्या काळी चर्चमध्ये बहुतेक इंग्रजीवरून भाषांतर केलेली गाणी परक्या चालींवर म्हटली जात. टिळकांनी तिथे अभंग, ओवी आणि कीर्तन आणलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. अभंगांजली हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे आणि त्यांची भजनं महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये आजही म्हटली जातात. ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांनी मिशनच्या विद्यालयात शिकवलं. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ज्ञानोदय या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी केलं. बालकवी ठोमरे यांच्यासारख्या तरुण कवीला त्यांनी घरच्या मुलासारखं जवळ ठेवलं.

1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्तावर प्रेम आणि माणसाची सेवा एवढीच अट. हे काम रुजण्याआधीच 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं 57.

यंत्रमागावर रात्रपाळी करणारा असो, गोदामात माल उतरवणारा हमाल असो की शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी, डोक्यावर ओझं प्रत्येकाच्या आहे. टिळकांना विसावा मिळाला म्हणून त्यांचे कष्ट संपले नाहीत. गरिबी राहिली, आजारपणं राहिली, लोकांचा राग राहिला. फरक इतकाच पडला, की देव शोधत घराबाहेर पळणारा माणूस थांबला आणि त्याच्या घराचं दार इतरांसाठी उघडलं. लक्ष्मीबाई त्या दारातून स्वतःच्या पायांनी आत आल्या, आणि त्यांच्यामागून कित्येक पोरकी मुलंही.

रेव्हरंड टिळकांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.