चार सेल आणि एक लाल पडदा

गेमबॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईंची गोष्ट

नवा गेमिंग कन्सोल बाजारात आला की पहिल्या आठवड्यात काय काय होतं, हे आता आपल्याला पाठ झालंय. अनबॉक्सिंगचे व्हिडिओ, मग कुणाचा कन्सोल गरम होतोय, कुणाची बॅटरी टिकत नाहीये, कुणाला खेळायला गेमच नाहीत. कंपनीने जाहिरातीत काहीही सांगितलेलं असो, खरा निकाल लावतात ते हे पहिले मालक. आणि त्यांचं मत प्रोसेसरच्या आकड्यांवरून बनत नाही. खोका उघडल्यावर पहिल्या संध्याकाळी किती मजा आली, यावरून बनतं.

ही साधी गोष्ट एका जपानी इंजिनियरने खूप आधी ओळखली होती. त्याच्या जोरावर त्याने जगाच्या खिशात व्हिडिओ गेम नेऊन ठेवला. आणि एकदा, फक्त एकदाच, त्याचा हा अंदाज साफ चुकला. त्यांचं नाव गुनपेई योकोई.

पत्त्यांच्या कारखान्यातला इंजिनियर

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये निन्टेंडोत नोकरी धरली. आज निन्टेंडो म्हटलं की मारिओ आठवतो, पण तेव्हा ही कंपनी हानाफुदा नावाचे पारंपरिक जपानी पत्ते बनवायची. योकोईंचं काम काय, तर पत्ते छापणारी मशीन नीट चालतायत ना ते बघायचं. आता मशीन रोज थोडीच बिघडतात? त्यामुळे हाताशी वेळच वेळ.

या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणं बनवलं. एकमेकांना जोडलेल्या आडव्यातिडव्या पट्ट्या, आपल्या शटरच्या जाळीसारख्या. मागची मूठ दाबली की पुढचा चिमटा लांब जाऊन वस्तू पकडतो. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी हे बघितलं. कामाच्या वेळात खेळतोय म्हणून आता नोकरी जाणार, असं कुणालाही वाटलं असतं. यामाउचींनी उलट हेच खेळणं विक्रीसाठी तयार करायला सांगितलं. १९६६ मध्ये ते अल्ट्रा हँड नावाने बाजारात आलं आणि त्याचे १२ लाखांहून जास्त नग खपले.

तिथून योकोई मशीनवाल्याचे खेळणीवाले झाले. १९६९ मध्ये त्यांनी लव्ह टेस्टर काढला. मुलगा आणि मुलीने एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हातात यंत्राचे गोळे धरायचे आणि काटा दोघांचं प्रेम मोजणार. आत काय होतं? अंगातून जाणारा अगदी बारीकसा विद्युतप्रवाह मोजणारं साधं मीटर. शाळेच्या प्रयोगशाळेतली वस्तू. पण त्या काळच्या जपानमध्ये चारचौघांत हात धरायला एक निमित्त मिळालं, हीच त्यातली खरी गंमत होती. वस्तू जुनी आणि वापर नवा. योकोईंची सगळी कारकीर्द याच वाटेने गेली.

गाडीत सुचलेली गोष्ट

सत्तरच्या दशकाच्या शेवटी योकोई बुलेट ट्रेनने प्रवास करत होते. समोर एक कंटाळलेले गृहस्थ कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसले होते. योकोईंच्या डोक्यात चक्र फिरलं. प्रवासात वेळ घालवायला मोठ्या माणसालाही काहीतरी हवंय, पण ते लपवता येण्याइतकं लहान हवं.

पुढे एकदा अध्यक्षांचा ड्रायव्हर आजारी पडला आणि गाडी चालवायचं काम योकोईंकडे आलं. गप्पांच्या ओघात त्यांनी ही कल्पना सांगून टाकली. यामाउचींनी ती डोक्यात ठेवली आणि त्यातून कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प कंपनीशी बोलणं सुरू झालं. वेळही अचूक होती. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या किमतीच्या लढाईत एलसीडी पडदे आणि चिप फार स्वस्त झाल्या होत्या. १९८० मध्ये गेम अँड वॉच आला. एका यंत्रात एकच गेम, आणि खेळत नसाल तेव्हा त्यातच घड्याळ. या मालिकेचे पुढच्या काही वर्षांत ४ कोटी ३० लाखांहून जास्त नग विकले गेले.

याच मालिकेत १९८२ मध्ये डाँकी काँग आला. त्यात उड्या मारायच्या, शिड्या चढायच्या. लहानशा यंत्रावर जॉयस्टिकचा दांडा बसवला तर तो खिशात अडकणार. म्हणून योकोईंनी अंगठ्याखाली मावेल असं अधिकच्या चिन्हासारखं एकच सपाट बटण बसवलं. बघायचीही गरज नाही, अंगठ्याला दिशा आपोआप कळते. पुढे हेच बटण निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर आलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेल्या ज्या स्वस्त व्हिडिओ गेमवर मारिओ आणि काँट्रा खेळले जायचे, ते याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. म्हणजे तुमच्या दादाच्या किंवा काकांच्या डाव्या अंगठ्याला पडलेला घट्टा योकोईंच्या कृपेने!

पहिली संध्याकाळ: गेमबॉय

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेमबॉय विक्रीला आला. किंमत १२,५०० येन. पहिला ३ लाखांचा साठा दोनच आठवड्यांत संपला. त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेत पोचला, तिथे किंमत ८९.९५ डॉलर.

पहिल्या मालकांनी खोका उघडला तेव्हा काय मिळालं? राखाडी रंगाचं विटेसारखं जाडजूड यंत्र. हिरवट पडदा आणि त्यावर फक्त चार छटा. पडद्याच्या मागे दिवा नाही, त्यामुळे अंधारात काही दिसायचं नाही. चित्र जोरात हललं की मागे धुरकट शेपूट राहायची. मुलं खिडकीपाशी, टेबललॅम्पखाली मान वाकडी करून बसायची आणि कडेची चकती फिरवून पडदा गडद-फिका करत राहायची. मग बाजारात गेमबॉयवर लावायचे दिवे आणि भिंगं विकायला आली, ती हातोहात खपली. म्हणजे तक्रार खरीच होती.

पण त्याच अमेरिकन खोक्यात बाकीच्या गोष्टीही होत्या. टेट्रिस गेम होता, इअरफोन होते, दोन गेमबॉय एकमेकांना जोडणारी वायर होती, आणि चार पेन्सिल सेलसुद्धा होते. म्हणजे घरी येऊन दुकानात परत धावायला नको. सेल घाला, बटण दाबा, खेळ सुरू. एकदा घातलेले चार सेल १५ तास आणि त्याहून जास्तही चालायचे. लांबच्या गाडीप्रवासात मागच्या सीटवरची भांडणं बंद व्हायला एवढं पुरे होतं.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. रंगीत पडदा, आत दिवा, सगळं भारी. पण किंमत जवळजवळ दुप्पट आणि सहा सेल चार-पाच तासांत खल्लास. १९९० मध्ये सेगाचा गेम गियर आला, त्याचंही तेच. कागदावर हे दोघे गेमबॉयला कुठल्या कुठे मागे टाकत होते. शाळेच्या सहलीत मात्र दुपारपर्यंत बंद पडत होते.

योकोईंना रंगीत पडदा माहीत नव्हता असं नाही. त्यांनी तो मुद्दाम नाकारला. त्यांचं सूत्र साधं होतं. जे तंत्र जुनं, पुरतं समजलेलं आणि स्वस्त झालंय, ते घ्या आणि त्याचा कुणी न केलेला वापर करा. गंमत खेळात असली तर डोकं बाकीचे रंग आपले आपण भरून घेतं. अर्थात हे एकट्याचं काम नव्हतं. गेम बदलता येतील असं ताकदीचं यंत्र हवं, यासाठी त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी आग्रह धरला होता. त्या दोघांच्या ओढाताणीतून गेमबॉय घडला. पुढच्या रंगीत आवृत्तीसह त्याचे एकूण ११ कोटी ८० लाखांहून जास्त नग विकले गेले. १९९३ मध्ये एक रशियन अंतराळवीर आपला गेमबॉय आणि टेट्रिस घेऊन मीर अंतराळस्थानकातही जाऊन आला.

दुसरी संध्याकाळ: लाल पडदा

आता गोष्ट १९९५ ची. सगळीकडे व्हर्च्युअल रिॲलिटीची हवा होती. योकोईंनी एका अमेरिकन कंपनीचं पडद्याचं तंत्र घेतलं. लाल एलईडीची एक उभी ओळ आणि वेगाने थरथरणारा आरसा. प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दिसणार आणि त्यातून खोली भासणार. यंत्राचं नाव व्हर्च्युअल बॉय. सूत्र तेच होतं: त्या काळी लाल एलईडी सर्वांत स्वस्त आणि कमी वीज खाणारे, म्हणून लाल.

२१ जुलै १९९५ ला तो जपानमध्ये आला, ऑगस्टमध्ये अमेरिकेत. तिथली किंमत १७९.९५ डॉलर. पहिल्या मालकांनी मोठ्या हौसेने खोका उघडला आणि तिथेच गोंधळ सुरू झाला. नाव बॉय, पण हे खिशात मावणार नव्हतं. डोक्यावर घालायचं म्हणावं तर तेही नाही. दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर ठेवायचं आणि त्यात तोंड खुपसून बसायचं. टेबल उंच तर मान ताठ, टेबल बुटकं तर पाठ वाकडी. आत काळ्या अंधारात सगळं लाल. थोड्या वेळाने डोळे दुखायला लागायचे, काहींचं डोकं धरायचं. खोक्यावर आणि पुस्तिकेत सात वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये अशी सूचना होती, आणि ठराविक वेळाने गेम आपोआप थांबवायची सोयही होती. विश्रांती घ्या म्हणून स्वतःच आठवण करणारा कन्सोल! पालकांच्या मनात तिथेच शंका आली.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. आत काय दिसतंय ते दुसऱ्या कुणाला दाखवताच यायचं नाही. गेमबॉय घेतला की बाजूला चार डोकी जमायची, वायर लावून मित्राशी सामना व्हायचा. व्हर्च्युअल बॉयवर जोडणीची जागा होती, पण वायर कधी बाजारात आलीच नाही. खेळणारा एकटा काळोखात आणि बाकी घर त्याच्याकडे बघत बसलेलं. टीव्हीच्या जाहिरातीतही खोली दाखवता येईना. मग अमेरिकेत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांतून साधारण १० डॉलरला तो भाड्याने द्यायची योजना निघाली. लोकांनी तो घरी नेला, खेळून बघितला आणि निमूटपणे परत केला. विकत घ्यायचं कारणच उरलं नाही.

गेमही एकूण २२ च निघाले. जपानमध्ये डिसेंबर १९९५ मध्येच विक्री थांबली, अमेरिकेत पुढच्या वर्षी. जगभरात मिळून ७ लाख ७० हजारांच्या आसपास नग गेले. कंपनीचं बरंचसं लक्ष तेव्हा पुढच्या निन्टेंडो ६४ कडे होतं हे खरं. पण पहिल्या मालकांना त्याच्याशी काय देणंघेणं? जाहिरातीने दाखवलेल्या नव्या जगाऐवजी त्यांच्या वाट्याला मानदुखी आली होती.

जाण्याआधीचं शेवटचं काम

इथे योकोईंच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. इतकं मोठं अपयश पदरात पडल्यावर ते चिडून दार आपटून निघून गेले नाहीत. स्वतःचं काहीतरी सुरू करायचा विचार त्यांच्या मनात आधीपासून होता. पण त्याआधी त्यांनी गेमबॉय पुन्हा हातात घेतला. जुलै १९९६ मध्ये गेमबॉय पॉकेट आला. आकार लहान, वजन कमी, आणि पडदा आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ. हिरवट रंग गेला, धुरकट शेपूट कमी झाली. १९८९ च्या पहिल्या मालकांनी केलेली तक्रार सात वर्षांनी ऐकली गेली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये पोकेमॉन आला होता, आणि त्यातली प्राण्यांची देवाणघेवाण गेमबॉयच्या जोडणीच्या वायरवरच चालायची. जुना गेमबॉय पुन्हा तरुण झाला.

१५ ऑगस्ट १९९६ ला, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोईंनी निन्टेंडो सोडलं आणि क्योटोत कोतो लॅबोरेटरी ही छोटी कंपनी काढली. बंडाई कंपनीसाठी ते एका नव्या हातातल्या कन्सोलच्या कामात सहभागी झाले. तो त्यांना बघायला मिळाला नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला होकुरिकू एक्सप्रेसवेवर त्यांच्या गाडीची एका ट्रकला धडक बसली. काय झालं बघायला ते गाडीतून उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

मार्च १९९९ मध्ये वंडरस्वान बाजारात आला. किंमत फक्त ४,८०० येन. पडदा पुन्हा काळा-पांढरा. आणि सेल किती? एकच पेन्सिल सेल, तोही ३० तासांच्या आसपास चालणारा. सोबत एक कोडं सोडवायचा गेम होता, त्याचं नाव गुनपे. कुणाच्या आठवणीत ठेवलं, ते वेगळं सांगायला नको.

गेमबॉयचं यश आणि व्हर्च्युअल बॉयचं अपयश एकाच माणसाचं, आणि सूत्रही एकच. दोन्हीकडे स्वस्त, समजलेलं तंत्र होतं. फरक एवढाच की पहिल्यात ते तंत्र खेळणाऱ्याच्या सोयीने वाकलं होतं, आणि दुसऱ्यात खेळणाऱ्यालाच मान वाकवायला लागली. तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, कुणी इंजिनियरिंगचा फायनल इयरचा प्रोजेक्ट, कुणी कॉलेज फेस्टसाठी एखादा गेम. महागडी किट परवडत नाही म्हणून अडून बसू नका, जे हाताशी आहे त्यातूनही काम होतं. फक्त ते पूर्ण झालं की आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, आणि त्याची मान कुठे वाकतेय ते बघा.