लिबिग यांची बरणी आणि जिमचा डबा

जिमला जाणारी कॉलेजची मुले ओपीडीत आली की मी आधी आहार विचारतो. नाश्ता नाही, दुपारी वडापाव आणि संध्याकाळी दोन स्कूप प्रोटीन पावडर. ताकद प्रथिनांतूनच येते, अशी त्यांची खात्री असते. या समजुतीला शास्त्राचे मोठे पाठबळ दिले ते युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने.

लिबिग यांचा जन्म १८०३ मध्ये डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग आणि रसायनांचे व्यापारी, त्यामुळे मुलाचे प्रयोग घरापासूनच सुरू झाले. पॅरिसला गे-ल्युसॅक यांच्या हाताखाली शिकून १८२४ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. रसायनशास्त्र नुसते ऐकायचे नाही, हाताने करून शिकायचे, ही पद्धत त्यांनी तिथे रुजवली. आमच्या मेडिकल कॉलेजातली प्रॅक्टिकल्सही त्याच वळणाची.

१८४२ मध्ये प्राण्यांच्या शरीरातील रसायनक्रियांवर त्यांचे पुस्तक आले. काम करताना स्नायू स्वतःच खर्ची पडतो आणि ती झीज फक्त प्रथिने भरून काढतात, असे त्यांनी मांडले. पिष्ट आणि चरबी यांचे काम केवळ उष्णता देण्याचे. प्रयोगांचा आधार तोकडा होता, पण नाव एवढे मोठे की पुष्कळांनी ते मानले.

पुढे १८६५ मध्ये त्यांच्या नावाची मांसअर्क कंपनी निघाली. कारखाना उरुग्वेतील फ्राय बेंटोस येथे, कारण तिथे गुरे मारली जात ती मुख्यतः कातड्यासाठी आणि मांस स्वस्त होते. सुमारे ३० किलो मांसातून एक किलो अर्क निघे. गंमत अशी की तो बनवताना चरबी आणि बरीचशी प्रथिनेच वेगळी होत. उरत ते क्षार आणि चव.

त्याच वर्षी फिक आणि विसलिसेनस हे झुरिकचे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न पर्वत चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त काहीच खाल्ले नव्हते. पिष्ट, चरबी आणि साखर एवढेच. लघवीतील नायट्रोजन मोजला, तेव्हा शरीरात जळलेली प्रथिने चढाईच्या निम्म्या कष्टालाही पुरी पडत नव्हती. इंधन दुसरेच होते.

स्नायू बांधायला प्रथिने लागतातच. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्याला त्याहून थोडी जास्त. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून ती बहुतेकांना मिळतात. मात्र भाकरी-भात सोडून पावडर घेतली, तर शरीर ती महागडी प्रथिनेच जळणात घालते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

लिबिग यांनी १८७० मध्ये थोडी माघार घेतली, पण पूर्ण नाही. १८७३ मध्ये म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांची सही छापलेल्या बरण्या त्यानंतरही कित्येक वर्षे विकल्या जात होत्या.